त्यांच्या बाजूचा पट्टा

प्रिय मुंगी,

पाण्याची टाकी भरायची, गॅसचा नळ बंद आहे ना ते हात लावून बघायचं, खणांना रबरी पट्टे अडकवायचे म्हणजे वळणावर चमचे बाहेर येऊन नाचणार नाहीत, आणि शेवटी केर काढून पायपुसणं झटकायचं. प्रवासाला निघायच्या सकाळी माझी कामं एवढीच. तोवर बाबा शिडी लावून टपावर गेलेले असायचे. मी खालून कयाक होडीचं टोक खांद्यावर घेऊन सरकवायची, ते वरून दोरीने ओढायचे. आधी त्यांची लांबडी कयाक, म्हणजे आपली 'लांबी', मग माझी 'बुटकी'. दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडल्या की ते खाली उतरायचे, आणि ज्याची कयाक त्याने बांधायची. माझी चालवणाऱ्याच्या बाजूला, त्यांची पलीकडे. त्यांच्या बाजूचा पट्टा ओढून झाला की ते दारावर पेरांनी दोनदा टकटक करायचे, आत येऊन बसायचे आणि नकाशा मांडीवर पसरायचे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून डोळे गेलेले, नकाशातलं त्यांना काही दिसायचं नाही. पण नकाशा हवाच. मग "हं, चल" म्हणायचे, जणू रस्ता त्यांच्या परवानगीसाठीच अडून बसला होता.

आज सकाळी खण पुसताना हे सगळं डोळ्यांपुढून गेलं, म्हणून म्हटलं तुला लिहावं. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. तू 'हं, हं' करत राहतेस आणि मी हवापाणी सांगत बसते.

कयाक न्यायच्या कशा, हा आपल्या घरातला कायमचा वाद. साध्या मोटारीच्या टपावर कुणीही टाकतं. पण आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर अख्खी खोली बसवलेली, तिच्यावर पुन्हा कयाक, म्हणजे हत्तीवर अंबारी आणि अंबारीवर उंट. त्या खोलीला खुराडं म्हणालीस ती तूच, शाळेत होतीस तेव्हा, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. पहिल्या वर्षी आपण कयाक खुराड्याच्या आतच घातल्या. लांबीचं नाक शेगडीपाशी, शेपूट दारातून बाहेर, दार दोरीने अर्धवट आवळलेलं. मुक्कामाला पोचलो की आधी त्यांना बाहेर काढायचं आणि मग आपण आत शिरायचं. तू बुटकीच्या पोटात गोधडी घालून झोपायचीस आणि सकाळी तुला ओढून काढावं लागायचं.

मग मागे जोडायची ट्रॉली आणली. पुढे जाताना ती गरीब गाय. मागे घेताना मात्र मी एकीकडे वळवलं की ती हटकून दुसरीकडे जायची. एकदा एका माणसाच्या कुंपणात शिरली, आणि बाबा खाली उतरून माफी मागायचं सोडून त्याच्या गुलाबांना खत कुठलं घालता ते विचारत बसले. तळ्याकडच्या शेवटच्या रस्त्यावर तर ट्रॉलीसकट वळायला जागाच नव्हती. त्यानंतर छापखान्यातल्या कुणीतरी सुचवलं की पुढच्या बंपरवर उभ्या बांधा. बांधल्या. समोरून येणारे गाडी हळू करून बघायचे आणि मला त्या दोन सुळ्यांमधून रस्ता शोधावा लागायचा. हवा भरायच्या कयाकही मिळतात, घडी करून पलंगाखाली जातात, हे तू दोन-तीनदा सांगून पाहिलंस. बाबा त्यांना फुगे म्हणायचे. तिथेच विषय संपायचा.

शेवटी टपच बरा ठरला. वजन नीट बसतं, आरसे मोकळे राहतात, मागे काही फरफटत नाही. फक्त गाडीची एकूण उंची डोक्यात ठेवायची आणि बुटक्या पुलाखाली शिरायचं नाही. अडचण एकच होती. एक माणूस वर लागतो, आणि तो माणूस सत्तरीला आला होता.

तू तेव्हा जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकायला नुकती लागली होतीस. सुटीत आलीस, शिडीवर बाबांचा पाय थरथरताना पाहिलास आणि जेवणाच्या टेबलावर खडूने रॅक काढून दाखवलास. दोन्ही बाजूंना बिजागरीवरचे हात, ते छातीपर्यंत खाली येतील, कयाक त्यांत ठेवायची, चरखी फिरवली की वर. शिडीचं कामच नको. बाबांना ते लागलं. म्हणाले, "माझे हात काय भाड्याने दिलेत?" तू म्हणालीस, "हात आहेत हो बाबा, पण पाय शिडीवर असतात ना." दोघं दिवसभर एकमेकांशी बोलला नाहीत. मी मध्ये पडले नाही. दोघांचं नाक एकाच साच्यातलं, कुणाच्या बाजूने बोलणार? पण संध्याकाळी कुंपणावरून बाबा शेजारच्या काकांना, आपल्या त्या फुकट सल्लागारांना, काय सांगत होते ते मी न्हाणीघराच्या खिडकीतून ऐकलं. "आमची मुलगी लोखंड शिवते," म्हणत होते. तुला हे कधी सांगितलं नाही. त्यांनी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, म्हणून आता मी सांगते.

मी जन्मभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली, त्यामुळे शिवण हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला. मी त्यांच्याकडून अक्षरं उचलली. छापखान्यातले बिघडलेले कागद ते घरी आणायचे, मी मशीनशेजारी ठेवून वाचायची. कुठल्याशा गोष्टीची मधली सोळा पानं, ना शेंडा ना बुडखा. माणूस घोड्यावर बसून निघालाय एवढं कळायचं, कुठून आला आणि पोचला का ते नाही. वाचायला मी अशी शिकले. पुढे वाचनालयातून अख्खी पुस्तकं आणायला लागले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, लेखक फारच खुलासा करतात.

बाबा गेल्यावर तू मोठी रजा काढून आलीस. आल्यागेल्याला वाटलं, मुलगी आईजवळ बसायला आलीय. तू बसलीस कुठे? दुसऱ्याच आठवड्यात तुझ्या त्या रॅकसाठी अंगणात लोखंडी पाइप येऊन पडले. मला आधी राग आला. घरात माणूस गेलंय आणि ही कापाकापी करतेय. मग मी स्टूल घेऊन पायरीवर बसायला लागले. तू मुखवटा खाली ओढलास की मी मान वळवायची, वर केलास की तुझ्याकडे बघायची. एक सांधा तुला पसंत पडला नाही. मला त्यात आणि बाकीच्यांत काडीचा फरक दिसत नव्हता, पण तू तो पूर्ण कापून पुन्हा केलास, अर्धा दिवस गेला. मीही गिऱ्हाइकाला कधी कळणार नाही अशी शिवण उसवून परत घातलेली आहे. तेव्हाच मला वाटलं की ही माझी खरी.

आणि ते आकडे. रॅकच्या प्रत्येक हाताच्या टोकाला तू एक आकडा बसवलास, कयाक आत बसली की स्वतःच्या वजनाने वरून पडणारा. सल्लागार रोजच्यासारखे कुंपणाशी आले, पट्टे असताना ही उठाठेव कशाला म्हणाले, फुकटचं वजन. तू मुखवटा वर करून एवढंच म्हणालीस, "काका, माणूस विसरतो. लोखंडाने विसरायचं नसतं." त्या दिवशी त्यांचा सल्ला अर्धाच राहिला.

तू परत कामावर गेल्यावर रॅक गाडीवर नुसता उभा होता. कयाक शेडमध्ये. मग मध्यंतरी तू फोनवर म्हणालीस की कारखान्याच्या भांडारात एक जागा आहे, मालाची नोंद ठेवायची, बसून काम, कपडे जळत नाहीत, पाठ धरत नाही. मी म्हटलं, बरं आहे. तू म्हणालीस, "आपला हात काही खास नाही गं आई." त्यावर मी तुला इकडचं हवापाणी सांगितलं. मला चटकन बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. बाबा म्हणायचे, हिला आज विचारलं की उत्तर पुढच्या आवृत्तीत येतं.

तर सांगायचं म्हणजे गेल्या आठवड्यात मी तळ्यावर जाऊन आले. एकटी. दचकू नकोस, जाऊन आले म्हणतेय.

शिडी काढलीसुद्धा नाही. आधी लांबी, मग बुटकी, त्याच जुन्या क्रमाने. एक टोक उचलून रॅकच्या हातात टेकवायचं, मग मागे जाऊन दुसरं उचलायचं, की निम्मं वजन लोखंडच घेतं. आकडे खटाखट पडले. चरखी फिरवताना मला धापही लागली नाही, वाटेत थांबून मी केस सारखे केले. लांबी तिच्या बाजूला वर गेली, मी तिच्यावरून पट्टे टाकले आणि इकडे येऊन बुटकी चढवली. सल्लागार घरातल्या चपला घालून फाटकाशी आले होते. एकट्या बाईला दोन कयाक कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकच नेली तर अर्धी मिशी काढल्यासारखी दिसेल गाडी. खरं कारण वेगळं होतं, ते शेवटी लिहिते. मी बुटकीचे पट्टे ओढले, आवळले, टोकं आत खोचली, ओढून पाहिली, फाटक उघडं धरलेल्या सल्लागारांना हात केला आणि जागेवर बसले.

आणि बसूनच राहिले. गाडी सुरू, हात चाकावर, आणि मी थांबलेय. कशासाठी थांबलेय ते काही क्षण मलाच कळेना. मग कळलं, मी त्या टकटकीसाठी थांबले होते. शेजारच्या सीटवर नकाशा नव्हता, मी जेवणाचा डबा ठेवला होता. मला रडू आलं. गेल्या कित्येक महिन्यांत असं आलं नव्हतं, म्हणजे रोजचं असतं ते असतंच, चुलीवरच्या मंद आचेसारखं, पण हे उकळून बाहेर आलं. सल्लागारांनी मान दुसरीकडे वळवली, तेवढं शहाणपण त्यांना आहे. मी तोंड पुसलं, स्वतःला म्हटलं पुरे झालं, आणि गाडी बाहेर काढली.

शहराबाहेरचा मोठा रस्ता चांगला होता. पुढे पुलाचं काम चाललंय म्हणून नदीकाठच्या कच्च्या वाटेने वळवलं. मुंगी, त्या वाटेला वाट म्हणणं म्हणजे उपकार. एका खड्ड्यातून निघालं की दुसरा आ करून बसलेला. खुराडं इकडून तिकडे डुलत होतं. एक कुत्रं आडवं आलं तेव्हा मी ब्रेकवर उभी राहिले आणि मागे खणांतली एकूण एक वस्तू ओरडली. वरून मात्र काही आवाज नाही. पुन्हा डांबर लागल्यावर मी शीळसुद्धा घातली. वाटलं, जमलं बाई आपल्याला.

तळ्याच्या फाट्याआधी पेट्रोल भरायला थांबले. पंपावरची बाई नळी लावायला पलीकडून फिरून आली आणि म्हणाली, "आजी, तुमचा पट्टा रस्ता झाडत आलाय."

मी उतरून त्यांच्या बाजूला गेले. एक पट्टा खाली लोंबत होता, टोकाचे धागे निघून त्याचा कुंचला झाला होता. दुसरा घसरून लांबीच्या पाठीमागे पडला होता. मी टाकलेले, पण बांधलेलेच नव्हते. त्या बाजूला मी कधी काही बांधलंच नव्हतं गं, इतक्या वर्षांत एकदाही नाही. माझी बाजू झाली की माझं काम संपलं, हे हातांना पक्कं ठाऊक. सकाळी टकटक झाली नाही तेव्हा मी ते नाहीत म्हणून रडले. त्यांचा पट्टा बांधायचा राहिलाय, हे मनाला शिवलंसुद्धा नाही. मला वाटायचं ती टकटक म्हणजे त्यांची माया. माया असेलच. पण आधी ती खबर होती, की माझी बाजू झाली, आता निघ.

मागून एखादा मोटारसायकलवाला येत असता तर, हा विचार आला. मी पायरीवर बसले. त्या बाईने पाणी आणून दिलं. पाणी प्यायल्यावर मी उठून चरखीने लांबी छातीपर्यंत खाली घेतली आणि तिला धक्का दिला. आधी हळू, मग दोन्ही हातांनी, मग खांदा लावून. लांबी हलली नाही, हलली ती गाडी. दोन्ही आकडे तिच्या पोटावर बसलेले होते, पुढचा आणि मागचा, तू बसवलेस तसे. एवढ्या वाटेने, तेवढ्या ब्रेकने, बिनबांधलेली कयाक जागची सरकली नव्हती.

मग मी चष्मा लावला. माझ्या बाजूचे हातही चरखीने खाली घेतले आणि एकेक सांधा बोटाने चाचपला, नखाने उकरून पाहिला, कव्हराची शिवण बघते तसा. आधी त्यांची बाजू, मग माझी. कुठे केसाएवढी भेग नाही. टाके सारखे, एकावर एक अर्धे चढलेले, शेवटाला गाठ मारावी तसे थोडे मागे फिरवून थांबवलेले. तू कापून परत केलेला सांधा कुठला, ते शोधायचा प्रयत्न केला. सापडला नाही. पंपावरच्या बाईने विचारलं, कुठल्या वर्कशॉपचं काम? मी म्हटलं, "आमच्या अंगणातलं. माझ्या मुलीच्या हातचं." हे मी जरा मोठ्याने म्हटलं असणार, कारण पलीकडे हवा भरणाऱ्याने वळून पाहिलं. पाहू दे. मग त्यालाही दाखवलं.

त्यांच्या बाजूचा पट्टा बांधायला मला फार वेळ लागला. तिकडे सगळं उलटं पडतं. माझी बोटं बकल चुकीच्या दिशेने ओढत होती, तीनदा सोडवून परत बांधला. आता येतो.

तळ्यावर कसं वाटलं ते विचारू नकोस. संध्याकाळी चहाला दोन कप काढले, एक परत ठेवला. पाणी नेहमीसारखं होतं. मी बुटकी घेऊन पलीकडच्या खडकांपर्यंत गेले आणि आले, हातांना अजून लय आहे. लांबी वरच राहू दिली. तिचं नंतर बघू.

आता का लिहितेय ते. तुझी मावशी काही माझ्यापासून लपवू शकत नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून तू तिला सांगितलंस. वेल्डिंगच्या परीक्षेत तुझा सांधा यंत्रात वाकवून पाहिला आणि तो उघडला, हे तिने मला सांगितलं. पुन्हा बसायची मुभा आहे आणि तू बसणार नाहीस, भांडारातल्या जागेसाठी अर्ज लिहून ठेवलायस, हेही. मी तेव्हाच तुला फोन करून म्हणू शकले असते की तुझा हात चांगला आहे. तू म्हणाली असतीस, आई आहेस, तू म्हणणारच. आणि ते बरोबरच झालं असतं. मला वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तुझ्या कामाबद्दल तोंड उघडायचं तर त्यावर वजन टाकून, खड्ड्यांतून नेऊन, दोन्ही बाजू बघून यायला हवं होतं. म्हणून दोन कयाक. पट्टा विसरायचं मात्र मी ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं, आणि त्यामुळे जे पाहिलं ते मी ठरवूनही पाहू शकले नसते. तो तुकडा का उघडला ते मला माहीत नाही, ते तुझ्या परीक्षकांना विचार. तो उघडला हे खरं, आणि बाबांची लांबी तुझ्या आकड्यांच्या भरवशावर फाट्यापर्यंत गेली हेही तितकंच खरं. दोन्ही समोर ठेव आणि काय ते ठरव. तुला टेबलखुर्ची आवडते म्हणून भांडारात जात असशील तर खुशाल जा, मी डबा भरून देईन. हात खास नाही म्हणून जात असशील तर ते मी मानणार नाही, कारण मी बघून आलेय. मावशीचा फोन संध्याकाळी आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही कयाक तुझ्या रॅकवर चढवल्या आणि गाडी काढली.

तुझीच,
खुराडं हाकणारी आई